रेनकोटवाल्या काकांना घाबरणारा चिकू

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचा चिकू नऊ महिन्यांचा आहे. इंडी, म्हणजे देशी कुत्रा, नर. दोन महिन्यांचा असताना मागच्या बांधकामावरून घरी आणला. अगदी गेल्या महिन्यापर्यंत तो कुणालाही घाबरत नव्हता. वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली झोपायचा, लिफ्टमध्ये सगळ्यांच्या आधी शिरायचा. एका संध्याकाळी काका पिवळा रेनकोट घालून, टोपी पुढे ओढून गेटपाशी उभे होते. चिकू त्यांना बघून थिजला, मग भुंकायला लागला आणि गळ्यातल्या पट्ट्यातून मान सोडवून जिन्याकडे पळाला. तेव्हापासून सगळंच बिघडलं आहे. रेनकोट नसला तरी काकांवर गुरगुरतो. छत्री उघडली की दचकतो. लिफ्टच्या दाराशी बसकण मारतो. संध्याकाळी म्हात्रे पुलाकडून ढोलांचा सराव ऐकू आला की दिवाणाखाली शिरतो, जेवायलाही येत नाही. हाक मारली तरी ऐकत नाही. आता तर इमारतीबाहेर पडायलाच तयार नसतो.

सासरे म्हणतात, लाड करून भित्रा केलात. ओळखीतल्या एका ट्रेनरने सांगितलं, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घाला आणि रोज ढोलांच्या शेजारी नेऊन उभा करा, आठ दिवसांत भीती मोडेल. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की चौथ्या मजल्यावरचा कुत्रा चावरा झाला आहे. गणपती सहा आठवड्यांवर आलेत. माझं काही चुकलं का? हा असाच राहणार का? नसबंदी केली तर शांत होईल का?

एक वाचक, एरंडवणे, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं काही चुकलेलं नाही, आणि चिकू कायमचा असा राहील असं मला वाटत नाही. पण येते सहा आठवडे तुम्ही सगळे त्याच्याशी कसे वागता यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहिते. त्या ट्रेनरला मात्र आजच नाही म्हणून कळवा. बाकीच्या गोष्टी चार दिवस उशिरा सुरू केल्यात तरी चालतील. ढोलांशेजारी नेऊन उभं करणं एकदा जरी घडलं, तरी ते निस्तरायला महिने जातात. का, ते पुढे सांगते.

आधी चिकूचं वय. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो, थोराड जातींत दोन वर्षांपर्यंतही. पिल्लू जगाची ओळख करून घेतं तो काळ वेगळा, तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून तो नोंदवला आणि १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वयात येतानाच्या भित्र्या टप्प्याचं इतकं पक्कं वेळापत्रक कुणी मांडलेलं नाही, पण कुत्र्यांबरोबर रोज काम करणारे सगळे तो ओळखतात. सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी, कधी एकदा तर कधी दोनदा, काही आठवड्यांसाठी कालपर्यंतच्या ओळखीच्या गोष्टी कुत्र्याला एकाएकी धोक्याच्या वाटू लागतात. कचऱ्याचा डबा जागेवरून हलवलेला, झाडाला अडकलेली पिशवी, टोपी घातलेला माणूस. तुमच्या चिकूला या दिवसांत नेमका रेनकोट भेटला.

आणि रेनकोट ही कुत्र्याच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. टोपीने चेहरा झाकला जातो, खांद्यांचा आकार बदलतो, चालताना प्लास्टिकचा आवाज येतो, रबरी वासाखाली माणसाचा वास दबतो. काका समोर होते, पण काका म्हणून ओळखू येण्यासारखं त्यांच्यात फार थोडं उरलं होतं.

हाक ऐकत नाही म्हणता, त्याचंही कारण वयात आहे. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी अंधांच्या सोबतीसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आठ महिन्यांची झाल्यावर ही कुत्री पाच महिन्यांच्या वयापेक्षा आपल्या माणसाचं कमी ऐकत होती. गंमत अशी, की परक्या माणसाचं ऐकणं कमी झालं नव्हतं. तेव्हा चिकूने पाठ फिरवली म्हणून मनाला लावून घेऊ नका, आणि आत्ता शिस्तीचा बडगा तर मुळीच नको.

तरीही सगळं वयावर ढकलण्याआधी त्याला डॉक्टरांना दाखवा. वागणं अचानक बदललं की दुखणं नाही ना, हे पहिल्यांदा बघायचं. पावसाळ्यात गोचिडी वाढतात, आणि गोचीड तापाची सुरुवात पुष्कळदा ‘आज हा जरा गप्प आहे’ एवढीच दिसते. प्लेटलेट्ससकट रक्ततपासणी करून घ्या. कान आतून बघायला सांगा, कारण या दिवसांत ओलाव्याने कान बिघडतात, आणि ठणकणाऱ्या कानाला ढोल किती लागत असेल. कंबर आणि गुडघेही तपासून घ्या. जिना चढताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारतो का, याचा घरीच मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर कुत्री बरेचदा अवसान आणून ठाकठीक चालतात, मग डॉक्टरांना काही दिसत नाही. आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा, आणि नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात किंवा गाडीत थांबा.

आणखी एक शक्यता तपासा, पत्रात तिचा उल्लेख नाही. गेटबाहेरची गल्लीतली कुत्री चिकूशी सध्या कशी वागतात? चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला ती सहसा सोडून देतात. तेच पिल्लू आठ-नऊ महिन्यांचा नर झालं की त्याचा वास बदलतो, आणि कालपर्यंत शेपूट हलवणारी कुत्री त्याला हद्दीत आलेला परका समजायला लागतात. त्यासाठी अंगावर धावून जावं लागत नाही. कोपऱ्यावर एखादं कुत्रं ताठ उभं राहून रोखून बघत असलं तरी चिकूसारख्याला तेवढं पुरतं, आणि आपण मोबाईलमध्ये असलो तर आपल्याला काही कळतही नाही. इमारतीबाहेर पडायलाच नको म्हणणाऱ्या तरुण कुत्र्यांमध्ये हे कारण मला वारंवार सापडतं. दोन दिवस एकट्या खाली जाऊन, गेटपाशी दहा मिनिटं उभ्या राहून बघा. कोण कुठे बसतं, कुठल्या वेळी रस्ता मोकळा असतो, घंटागाडी किती वाजता येते. चिकूच्या फिरण्याच्या वेळा त्यावरून ठरवा.

आता उपायाकडे येते. या आठवड्यांत तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे अंतर. काकांपासून तीन फुटांवर चिकू गुरगुरतो. दहा फुटांवर कदाचित थिजतो. पण कुठेतरी, पार्किंगच्या टोकाला किंवा समोरच्या फुटपाथवर, अशी एक जागा असते जिथून त्याला काका दिसतात, त्याचे कान टवकारतात, आणि तरी तो तुमच्या हातातला पनीरचा तुकडा खातो, खाली वास घेतो, पुन्हा तुमच्याकडे बघतो. ती जागा शोधा. सगळं काम तिथून करायचं. त्याच्या पुढे एक पाऊलही ओढून न्यायचं नाही.

ही जागा ओळखायला त्याचं अंग वाचावं लागेल. गुरगुरणं ही फार पुढची पायरी आहे, त्याआधी तो बरंच काही सांगत असतो. खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, पुढचा एक पाय अधांतरी धरणं, मान तिकडे न वळवता डोळ्याच्या कडेने बघणं आणि त्यात डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाशी, अंगाचा भार मागच्या पायांवर. खाण्यावरूनही कळतं. एरवी हातातून हळुवार घेणारा कुत्रा बोटांसकट ओरबाडायला लागला की आपण फार जवळ आलोय. तोंडच लावत नसेल तर त्याहूनही जवळ. ‘पोट भरलं असेल’ असा त्याचा अर्थ लावू नका, मागे फिरा.

भीती दिवसभर साठत जाते, हेही लक्षात ठेवा. मंद आचेवरचं दूध बराच वेळ नुसतं हलत असतं आणि मग एकदम भांड्याबाहेर येतं, तसं. सकाळी जिन्यात कुणाची छत्री उघडली, दुपारी कुरिअरवाल्याने बेल वाजवली, संध्याकाळी ढोल सुरू झाले, आणि रात्री तो बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या चादरीवर भुंकला. आपल्याला वाटतं, चादरीला काय घाबरायचं? मोठी घाबरगुंडी उडाली की अंग पूर्ववत शांत व्हायला काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. अशा दिवसानंतर फिरायला नेण्याचा आग्रह सोडा. गच्चीत किंवा पार्किंगच्या मागच्या बाजूला शी-शू उरकून घ्या, प्लास्टिकची पिशवी घेऊन जा, साफ करा. घरात एखादी जुनी सतरंजी गुंडाळून तिच्या घड्यांत खाऊ लपवा आणि त्याला शोधू दे. नाकाने शोधत बसलेला कुत्रा शांत होतो, आणि फिरणं चुकलं तरी त्याचा दिवस वाया जात नाही.

सासऱ्यांचं म्हणणं पुष्कळ घरांत ऐकू येतं, आणि ते काळजीपोटीच बोलतात. पण जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. ‘बस’ म्हटल्यावर बसणं हे वर्तन आहे, खाऊ दिला की ते वाढतं. भीती ही भावना आहे. घाबरलेल्याला कुणी पाठीवरून हात फिरवला म्हणून तो पुढच्या वेळी मुद्दाम जास्त घाबरत नाही. चिकू आपणहून तुमच्याकडे आला तर छातीवरून, मानेखालून सावकाश हात फिरवा. मग हात थांबवा. त्याने नाकाने हात ढोसला तर पुन्हा फिरवा, दूर गेला तर जाऊ द्या. दिवाणाखाली गेला तर तिथेच राहू द्या, कुणीही पाय धरून ओढायचं नाही, नातवंडांनीही वाकून बघायचं नाही. सासऱ्यांना एक काम द्यावं असं मला वाटतं. ते रोज ठरलेल्या वेळी पेपर वाचायला बसत असतील. खिशात पनीरचे तुकडे ठेवून त्यांनी नेहमीसारखा पेपर वाचायचा, आणि चिकू जवळपास आला की त्याच्याकडे न बघता एक तुकडा जमिनीवर टाकायचा. बोलायचं नाही, बोलवायचं नाही. घरातला सगळ्यात शांत माणूस या कामाला लागतो, आणि तो बहुधा तेच असतील.

खाऊबद्दल. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे पुरतात, पण रोजच्या जेवणापेक्षा चांगलं काहीतरी हवं. घरात मांसाहार असेल तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. नसेल तर पनीर, थोडं चीज, उकडलेलं रताळं. कांदा-लसूण असलेलं काहीही नको, द्राक्षं आणि मनुका नकोत, चॉकलेट नको. तेवढं रोजचं जेवण कमी करा म्हणजे वजन वाढणार नाही.

रेनकोटचं काम घरातून सुरू करायचं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचं काही खात असे आणि ससा पिंजऱ्यातून खोलीच्या लांबच्या टोकाला आणला जाई. मुलगा निवांत खातो आहे असं दिसलं की पिंजरा थोडा पुढे. शेवटी तो सशाला हात लावू लागला. शंभर वर्षं झाली, कुत्र्यांसाठी आजही आपण मुळात तेच करतो.

तसाच एक पिवळा रेनकोट मिळवा. पहिल्या दिवशी तो हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर नुसता पडलेला असू दे, लांबवर चार तुकडे पसरा आणि तुम्ही तुमचं काम करा. चिकू मान लांबवून, मागचे पाय आखडून वास घ्यायला जाईल आणि टुणकन मागे येईल. येऊ दे. हे मागे येता येणं फार मोलाचं आहे, त्यातूनच पुन्हा पुढे जाण्याचं बळ येतं. मग खुर्चीच्या पाठीवर टांगलेला रेनकोट. मग तुमच्या हातावर घेतलेला. मग अंगात घातलेला, बटणं उघडी, टोपी मागे. टोपी सर्वांत शेवटी, तीही त्याच्यासमोर चढवायची आणि लगेच उतरवायची, म्हणजे आतलं माणूस ओळखीचंच आहे हे त्याला दिसतं. एका पायरीवर किती दिवस राहायचं ते चिकू ठरवेल. कुठे अडला तर एक पायरी मागे या. एका वेळी तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली.

यात क्रम सांभाळा. आधी रेनकोट दिसला पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे, आणि रेनकोट गेला की खाऊ बंद. बरेच जण आधी खाऊ दाखवून कुत्र्याला भीतीच्या वस्तूकडे नेतात. दोन दिवसांत कुत्र्याला कळतं की पनीर आलं म्हणजे आता काहीतरी भयंकर येणार, आणि मग तो पनीरलाच घाबरतो.

घरचा रेनकोट पचला की काकांना मदतीला घ्या. त्यांनाही वाईट वाटत असणार, इतके दिवस खुर्चीखाली झोपणारं पोर आज आपल्यावर गुरगुरतं म्हणून. त्यांना सांगा: चिकूसमोर तोंड करून उभं राहायचं नाही, बाजूला वळून उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. खाऊचा तुकडा त्यांनी चिकूच्या पलीकडे, त्याच्या पाठीमागे टाकायचा. हातावर खाऊ धरून ‘ये ये’ केलं की लालचीने कुत्रा भीतीच्या रेषेच्या आत येतो, खाऊ संपतो, आणि आपण माणसाच्या अगदी पायाशी उभे आहोत हे त्याच्या एकदम ध्यानात येतं. चावण्याचे प्रसंग नेमके तिथे घडतात. तुकडा मागे टाकला तर खायला तो दूर जातो, सुटका आणि खाऊ दोन्ही मिळतात, आणि परत वळून बघायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर राहतं.

गुरगुरला म्हणून ओरडू मात्र नका. गुरगुरणं म्हणजे ‘जरा लांब राहा’ एवढंच. ओरडून ते बंद पाडलं तर भीती तशीच राहते आणि इशारा तेवढा नाहीसा होतो.

पट्ट्यातून मान सोडवून पळाला, हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. कर्वे रस्ता तुमच्यापासून लांब नाही. आजच छातीवर वाय आकार येणारा चांगला हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांभोवतीचा पट्टा, घ्या आणि हार्नेस व गळ्यातला पट्टा दोन्हीला लीश (हातात धरायची दोरी) जोडा. एक सुटलं तर दुसरं राहतं. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. घरी दाराची बेल वाजली की आधी आतल्या खोलीचं दार लावायचं, मग बाहेरचं उघडायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावून घ्या. गणपतीत पाहुण्यांची ये-जा वाढते आणि घाबरलेली कुत्री उघड्या दारातूनच हरवतात.

लिफ्ट सध्या सोडून द्या. चार मजले आहेत आणि डॉक्टरांनी पाय-कंबर ठीक सांगितली तर जिन्याने ये-जा करा. एका वेळी एकच भीती हाताळावी. पुढे लिफ्टकडे वळाल तेव्हा आधी ती बंद असताना तिच्या दारासमोर खाऊ, मग दार उघडं ठेवून उंबऱ्याशी, मग आत जाऊन लगेच बाहेर. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट असेल तर दार उघडं राहिलं की ती ‘कृपया दरवाजा बंद कीजिए’ असं ओरडत राहते. लहानपणी त्याला ते कधी जाणवलं नसेल, आता त्या आवाजालाच तो बिचकत असेल. कुणाला तरी वरच्या मजल्यावर दार उघडं धरायला लावून तो आवाज तुम्ही जिन्यातून, लांबून ऐकवू शकता.

सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालू नका. एवढंच लिहा: ‘चिकू सध्या घाबरलेला आहे, त्याच्यावर काम सुरू आहे. समोर आला तर त्याच्याकडे न बघता, हात न लावता पुढे जा, आम्ही बाजूला होतो.’ रेबीजच्या लसीची नोंद आणि महापालिकेचा परवाना हाताशी ठेवा. उद्या कुणी लिफ्टबंदी सांगितली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव कुत्र्यांना सोसायटीत किंवा लिफ्टमध्ये बंदी करता येत नाही, असं त्यात आहे.

चोक चेनचं सांगते. गळा आवळला की चिकू गप्प बसेल, यात शंका नाही. पण त्याच्या डोक्यात नोंद होईल ती अशी, की काका दिसले की मानेला दुखतं. म्हणजे काकांना घाबरण्याचं आता खरंच एक कारण झालं. ढोलांशेजारी उभं करण्याबद्दलही तेच. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. विजेचे झटके टाळायचा कोणताच मार्ग ज्यांना ठेवला नव्हता त्यांतली बरीच कुत्री, नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही, जागची उठली नाहीत. बघणाऱ्याला असा कुत्रा शांत झालेला वाटतो. ढोलांजवळ बांधलेला चिकूही आठव्या दिवशी मान टाकून बसेल, आणि ट्रेनर म्हणेल, बघा, भीती मोडली. अमेरिकेतल्या पशुवैद्यक वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कुत्र्यांना बक्षिसाच्याच पद्धतीने शिकवावं, धाकदपटशाची साधनं वापरू नयेत. दुसरा कुणी ट्रेनर गाठलात तर त्याला एकच प्रश्न विचारा: कुत्र्याने सांगितलेलं केलं नाही तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, साखळी, ‘मालक कोण ते दाखवावं लागतं’ असं काही आलं की नमस्कार करून घरी या.

नसबंदी भीतीवर उपाय म्हणून करू नका. नराच्या हार्मोनमुळे तो घाबरत नाहीये, उलट लहान वयात नसबंदी केलेल्या नरांमध्ये भित्रेपणा जास्त दिसल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. भूल, टाके, गळ्यातला तो प्लास्टिकचा शंकू, दवाखान्यातले तास, हे सगळं या टप्प्यावर त्याच्या अंगावर येईल. टप्पा सरू द्या, मग डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा. तोवर त्याला मोकळा सोडू नका, म्हणजे गल्लीत पिल्लांची भर पडणार नाही.

राहता राहिले ढोल. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. सहा आठवड्यांत चिकूला ढोल आवडायला लागणार नाहीत. मोबाईलवर ढोलांचं रेकॉर्डिंग हळू आवाजात ऐकवून सवय करा असं कुणी सांगेल. थोडा फायदा होतोही, पण ढोलाचा तो खोल ठोका मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून येतच नाही. खरा ठोका जमिनीतून, भिंतीतून येतो, चिकूला तो पंजांत जाणवतो. म्हणून या वर्षीचं ध्येय एवढंच ठेवा, की उत्सव संपल्यावर त्याची भीती आजच्यापेक्षा वाढलेली नसावी.

सराव रोज साधारण ठरलेल्या वेळी होत असेल. त्याच्या तासभर आधी चिकूचं फिरणं आणि जेवण उरका. रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली निवडा, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जमिनीवर जाड गादी, पंखा जोरात, टीव्हीचा किंवा दुसरा एखादा सौम्य, सलग आवाज. दिवाणाखालची जागा त्याने स्वतः निवडली आहे, तीच चादर लावून अंधारी आणि उबदार करा. तो बाथरूममध्ये जाऊन बसला तर तेही चालेल, फक्त दार लावू नका. लांबून ढोल ऐकू येऊ लागले की दर ठोक्यांच्या फेरीला एक तुकडा त्याच्यासमोर टाका. खात असेल तर उत्तम. खात नसेल तर काही करू नका, जवळ बसून तुमचं काहीतरी वाचत राहा.

उत्सवात सरकारने परवानगी दिलेल्या दिवशी ध्वनिक्षेपक रात्री बारापर्यंत चालू शकतात, एरवी दहाला बंद व्हायला हवेत. तेव्हा त्या दिवसांत शेवटचं फिरणं दुपारीच उरकायचं आणि पुढचं पहाटे. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते हे तुम्हाला सांगायला नको. चिकूने आधी राहून पाहिलेलं, ओळखीचं, शांत भागातलं नातेवाइकांचं घर असेल तर त्या दोन दिवसांसाठी तिकडे न्या. अनोळखी घर असेल तर नको, आपलीच आतली खोली बरी. आणि घरात कुणीतरी त्याच्याजवळ थांबा.

या सगळ्यानंतरही तो ढोल सुरू झाल्यावर थरथरत असेल, लाळ गाळत असेल, दार ओरखडत असेल, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. यात कमीपणा काही नाही. फक्त एक नीट विचारून घ्या: हे औषध भीती कमी करतं की नुसतं अंग ढिलं करतं? एसिप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटं दिलं तर कुत्रा हलत नाही, पण आत भीती तशीच असते, म्हणून आवाजाच्या भीतीसाठी ते एकटं देऊ नये असं आता मानतात. भीती कमी करणारी दुसरी औषधं आहेत, चिकूचं वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर निवडतील. माणसांची गोळी अर्धी करून द्यायची नाही. आणि पहिला डोस गणेश चतुर्थीला देऊ नका. दोन आठवडे आधी एखाद्या शांत रविवारी देऊन बघा, किती वेळाने गुंगी येते, किती तास टिकते, पाय लटपटतात का, ते लिहून डॉक्टरांना कळवा. म्हणजे मात्रा बदलायची असली तर हाताशी दिवस राहतील, आणि तोच कागद दिवाळीलाही उपयोगी पडेल.